नजर कुठे अडली ते सांगा

पडद्यावर भिगवणच्या फ्लेमिंगोंचा फोटो येतो आणि खोलीत दोन प्रकारचे आवाज उमटतात. पहिला ‘वा’, ‘जबरदस्त’, ‘कडक’ असा. दुसरा जरा उशिरा, बहुधा मागच्या रांगेतून येतो: “हॉरायझन वाकडा आहे.” फोटो दाखवणारा पहिल्याने सुखावतो, दुसऱ्याने खट्टू होतो आणि पुढच्या रविवारी उजनीच्या पाण्यावर जाऊन पुन्हा तसाच फोटो काढून आणतो. दोघांनीही त्याला निकाल ऐकवला होता. फोटो बघताना त्यांचं स्वतःचं काय झालं, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

हौशी मंडळींनी एकमेकांच्या फोटोंवर कसं बोलावं, याबद्दल माझं एकच म्हणणं आहे. आपली नजर फोटोत आधी कुठे गेली, तिथून कुठे वळली आणि कुठे अडली, ते सांगा. फोटो चांगला की वाईट हा निवाडा नंतर करता येतो, आणि बहुतेक वेळा तो करायची वेळच येत नाही. “पाण्याची रेघ डावीकडे उतरते आहे, त्यामुळे पक्षी सोडून मी तिच्याकडेच बघत बसलो,” असं कुणी म्हणालं तर माहिती मागच्या रांगेइतकीच मिळते, पण सोबत कारणही मिळतं. शिवाय बोलणाऱ्यालाही शिस्त लागते. घनदाट जंगलातल्या फोटोत क्षितिज अंशभर कललेलं असेल आणि नजर कुठेच अडखळत नसेल, तर तो दोष काढायचा कशाला?

बैठकीत एक साधा नियम पाळून बघा. फोटो पडद्यावर आला की पहिली दोन-तीन मिनिटं तो काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. ही सक्ती कठोर वाटते, पण तिची गरज आहे. आपल्याकडे फोटोआधी त्याची कथा येते. पहाटे साडेतीनला निघालो, गाडी पंक्चर झाली, चार तास झुडपात बसलो, मग कुठे हा खंड्या आला! हे ऐकल्यावर समोरच्याला फोटोत ती सगळी मेहनत दिसू लागते आणि जीभ आपोआप नरमते. पण फ्रेममध्ये पंक्चर दिसत नाही. आधी बघणाऱ्यांनी आपापल्या नजरेचा हिशेब द्यावा, मग काढणाऱ्याने आपल्याला काय दाखवायचं होतं ते सांगावं. खरी चर्चा या दोहोंमधल्या अंतरात सुरू होते. एखाद्याला धुक्यातल्या घाटाचा एकटेपणा दाखवायचा असतो आणि आठपैकी सहा जणांची नजर रस्त्याकडेच्या पिवळ्या पाटीवर गेलेली असते. एवढं कळलं तरी पाटीचं काय करायचं ते त्याचं त्याला सुचतं.

बोलताना मनात तीन कप्पे ठेवावेत. काही गोष्टी आहे त्याच फाइलमध्ये, आज रात्री घरी बसून सुधारता येतात: क्रॉप, तिरपेपणा, काळोखी, रंगांचा अतिरेक. काही गोष्टी पुढच्या वेळी तिथे उभं राहिल्यावरच सुधारतील: कॅमेऱ्याची उंची, उजेडाची वेळ, शटर स्पीड, दोन पावलं डावी-उजवीकडे. आणि काही गोष्टी कुणाच्याच हातात नसतात. ताडोबातला वाघ जिप्सीकडे पाठ करून चालत गेला, तर “आय कॉन्टॅक्ट हवा होता” हे ऐकून फोटोग्राफरने काय करावं? तो वाघाला हाक मारणार आहे का? तिसऱ्या कप्प्यातलं बोलणं निव्वळ चुकचुकणं असतं, ते गिळून टाकावं. पहिल्या दोन कप्प्यांतलंही वेगवेगळं सांगावं. नाहीतर नवखा माणूस घरी जाऊन जे सॉफ्टवेअरने सुधारणारच नाही, ते सुधारत रात्र घालवतो.

“फोटो सॉफ्ट आहे” या शेऱ्यापाशी जरा थांबू या, कारण पक्ष्यांच्या फोटोंवर सर्वांत जास्त फेकला जाणारा आणि सर्वांत कमी उपयोगाचा शेरा हाच. फोटो सॉफ्ट होण्याची निदान चार कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. फोटो मोठा करून बघा. वेड्या राघूचा डोळा धूसर, पण त्याच्या मागची काटेरी फांदी लख्ख असेल तर फोकस चुकला आहे. फोकस पॉइंट लहान करून डोळ्यावर ठेवायला सांगा, किंवा कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो चालू आहे का, ते विचारा. फ्रेममधलं सगळंच, फांदी, पान, पक्षी, एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला आहे. तिथे टेकू हवा किंवा शटर वेगवान हवं. फांदी स्पष्ट, डोळा स्पष्ट, फक्त पंख फरकटलेले असतील तर शटर पक्ष्याच्या मानाने संथ पडलं. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग ही सुरुवात समजावी. खंड्याची झेप गोठवायची तर दोन हजारावा किंवा त्याहूनही वेगवान. त्यासाठी आयएसओ वाढला आणि थोडा नॉइज आला तरी चालेल. नॉइज नंतर कमी करता येतो, हललेला पक्षी स्थिर करता येत नाही. अर्थात पंखांचं ते फरकटणंच कुणाला हवं असेल, म्हणून आधी विचारावं.

चौथं कारण आपल्याकडे फारच थोडे जण सांगतात. एप्रिल-मेमधली दुपार, तापलेला मुरूम किंवा उजनीचं रुंद पाणी, आणि लांबच्या पक्ष्यावर रोखलेली मोठी टेलिलेन्स. मधल्या हवेतून उष्णतेच्या लाटा उठत असतात आणि पक्ष्याची पिसं त्यांत विरघळून जातात. इथे शटर वाढवून, तिपाई लावून किंवा लेन्स बदलून काहीच होत नाही. बिचारा माणूस लेन्स दुरुस्तीला देऊन येतो. त्याला एवढंच सांगायचं: सकाळी लवकर जा, नाहीतर अंतर कमी असेल तेव्हाच काढ. अशी एक सूचना पन्नास ‘जबरदस्त’च्या बरोबरीची आहे.

पांढऱ्या पक्ष्यांचंही असंच. बगळ्याचा फोटो जळला, म्हणजे अंगावरच्या पिसांचा तपशील जाऊन नुसता पांढरा ठिपका उरला, की “एक्सपोजर गंडलंय” म्हणून मोकळं होऊ नये. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी धरून चालतो. गर्द पाण्यावर छोटासा बगळा असेल तर मीटर काळोखाला भुलतो, उजेड वाढवतो आणि बगळा जळतो. तिथे एक्सपोजर कमी करायला हवं. उलट बगळ्याने फ्रेम भरून टाकली असेल तर मीटर पांढऱ्याला राखाडी करायला जातो आणि बगळा मळकट दिसतो. तिथे वाढवायला हवं. हा उलटसुलट प्रकार समजावून सांगा, आणि कॅमेऱ्यातली जळालेला भाग लुकलुकवणारी सूचना चालू करायला सांगा. फोटो रॉ फाइलमध्ये काढलाय का, हेही विचारा. रॉमध्ये थोडा जळका भाग परत मिळवता येतो, जेपेगमध्ये फारसा नाही. आणि हे सगळं बोलण्याआधी खात्री करा की फोटोच जळलेला आहे, तुमचा प्रोजेक्टर नाही. जुन्या प्रोजेक्टरवर उजळ आकाश हमखास पांढरंफटक दिसतं, तर मोबाइलच्या पडद्यावर रंग असतात त्यापेक्षा भडक भासतात. शंका आली तर फाइलचा हिस्टोग्राम उघडून बघावा.

कॅमेऱ्याच्या उंचीबद्दलची सूचना सहसा ‘आय लेव्हल नाही’ या तीन शब्दांत उरकतात. का हवा ते सांगा. नावेत उभं राहून खाली बघत फोटो काढला की पक्ष्याच्या लगेच मागचं पाणीच पार्श्वभूमी होतं आणि प्रत्येक तरंग स्पष्ट दिसतो. कॅमेरा नावेच्या काठापर्यंत खाली आणला की पार्श्वभूमी एकदम दूर जाते, दूरचा किनारा मऊ रंगाचा पट्टा होतो आणि पक्षी सुटा दिसतो. कारण कळलेला माणूस पुढच्या वेळी आपणहून नावेत बसकण मारतो.

‘तृतीयांशाचा नियम’ मोडला म्हणून कुणाला टोकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हंपीच्या विठ्ठल मंदिरापुढचा दगडी रथ मधोमध ठेवला तर काय बिघडलं? त्याची सारी ऐट त्या समतोलातच आहे. स्थिर पाण्यातलं प्रतिबिंबही कित्येकदा बरोबर मध्येच दुमडावं लागतं. नजर अडली असेल तर बोला, नियम आठवला म्हणून बोलू नका.

प्रवासातल्या फोटोंची अडचण आणखी निराळी. त्यांतले बरेच आपण आधीच पाहिलेले असतात. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, आणि वळणावळणाच्या रस्त्यावरचा वारकऱ्यांचा तो लांबच लांब प्रवाह उंचावरून टिपायला डोंगरावर कॅमेऱ्यांची रांग लागलेली असते. “हा फोटो फार झालाय” हे खरं असलं तरी ते बोलणं फुकट आहे. पहिल्यांदा घाटात गेलेल्याने तो काढायलाच हवा. त्याला विचारा: या गर्दीत तुझी नजर पहिल्यांदा कुणावर थांबली? तो सांगेल की एका आजींनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने नातवाचं बोट धरलं होतं. मग तोच फोटो का नाही आणलास? बहुधा आणलेला असतो. ‘साधा’ वाटला म्हणून दाखवलेला नसतो. माणसांच्या जवळून काढलेल्या फोटोंबद्दल एक प्रश्न आवर्जून विचारावा: त्यांना कळलं होतं का, आणि आज त्यांनी हा फोटो पाहिला तर त्यांना कसं वाटेल? वारीत उघड्यावर आंघोळ करणाऱ्यांचे फोटो ‘रॉ इमोशन’ म्हणून दाखवले जातात. तिथे कॉम्पोझिशनवर बोलत बसण्यात अर्थ नाही.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा फोटो हमखास सपाट येतो. अर्धगोल आत वळलेल्या त्या कड्याची खोली डोळ्यांना जाणवते, कॅमेऱ्याला नाही. मग कुणीतरी सुचवतं, “टोकावर एक माणूस हवा होता, स्केल कळलं असतं.” छायाचित्रण म्हणून सूचना अचूक आहे. पण पावसाळ्यात, निसरड्यावर, वाऱ्यात कुणाला कड्याच्या टोकाला उभं करायचं? सूचना देणाऱ्यानेच पुढचं वाक्यही बोलावं: कड्यापासून मागे बसलेला माणूस चालेल, किंवा खालून चढत येणारं धुकं अर्ध्यावर असताना काढ, त्यानेही खोली कळते. आपल्या शब्दाखातर माणसं काय काय करतील, याचा अंदाज घेऊन बोलावं.

संस्करणाबद्दल थोडक्यात. ‘एडिट केलाय’ हा आरोप नाही. अॅन्सेल अॅडम्सने 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा जो प्रसिद्ध फोटो काढला, त्याच्या प्रिंट तो पुढे अनेक वर्षं काढत राहिला आणि नंतरच्या प्रिंटमधलं आकाश आधीपेक्षा गडद होत गेलं. उलट फेब्रुवारी 1982 च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले आणि त्यावर मोठा वाद झाला. उजेड-काळोख हलवणं वेगळं, वस्तू हलवणं वेगळं. भंडारदरा-पुरुषवाडी भागातल्या काजव्यांचे झगमगते फोटो बहुतेक वेळा अनेक एक्सपोजर एकावर एक रचून केलेले असतात. त्यात गैर काही नाही, पण ते सांगितलेलं असावं. “एकाच क्लिकचा आहे की रचलेला?” हे सरळ विचारावं, सुरात संशय नसला की उत्तरही सरळ मिळतं.

आता सर्वांत अवघड भाग. फोटो सुंदर आहे, पण तो मिळवण्यासाठी पक्ष्याला किंवा झाडोऱ्याला त्रास झाला असावा, असं वाटलं तर काय करायचं?

पुन्हा फ्लेमिंगोंकडे या. बसलेला फ्लेमिंगो दुरून फिकट पांढरा-गुलाबी दिसतो. पंखांवरचा तो लाल रंग आणि काळी कड खरी उलगडते ती उडताना. म्हणून उडत्या थव्याचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि तो मिळावा म्हणून कधी कधी नाव थव्यात घुसवायचा आग्रह नावाड्याला केला जातो. फ्लेमिंगोला पाण्यावरून बरंच धावत जाऊन मग हवेत उठावं लागतं. चरणं सोडून हा खटाटोप त्याला दिवसातून कितीदा करायला लावायचा? फोटोतही याच्या खुणा दिसतात. सगळा थवा कॅमेऱ्याकडे पाठ करून एकाच दिशेने चालला असेल, तर तो बहुधा तुमच्यापासूनच पळतो आहे. असा फोटो तसाही कमजोर असतो, शेपट्या आणि लोंबते पाय. त्यामुळे बोलणं सोपं जातं: “पक्षी आपल्यापासून दूर जाताहेत, चेहरे दिसत नाहीत. नाव लांब थांबवून ते स्वतःहून जागा बदलतील तोपर्यंत थांबता येईल का?” नीतीचा धडा आणि फोटोचा धडा इथे एकाच वाक्यात मावतो.

घरट्यांच्या फोटोंबाबत मात्र मी इतका गोड बोलू शकत नाही. स्वर्गीय नर्तकाच्या नराचा, लांब पांढरी शेपटी सोडून चिमुकल्या घरट्यावर बसलेला फोटो डोळ्यांचं पारणं फेडतो, हे कबूल. पण आजूबाजूला ताज्या कापलेल्या डहाळ्यांची टोकं दिसताहेत का, एरवी पानांच्या सावलीत असणाऱ्या पिल्लांवर थेट ऊन पडलंय का, ते बघा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यातच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना-घरट्यांना बाधा आणणंही धरलेलं आहे. गटाने आधीच ठरवून टाकावं की घरट्यांचे फोटो बैठकीत घ्यायचे नाहीत. मग कुणा एकाला सगळ्यांसमोर टोकायची पाळी येत नाही. असं ठरलेलं नसेल तर त्या व्यक्तीशी बाजूला बोला आणि प्रश्नाने सुरुवात करा. कित्येकदा पानं गाइडने बाजूला केलेली असतात आणि पाहुण्याला त्यात काही वावगं आहे हेच माहीत नसतं. जागा कुठली, हे मात्र चारचौघांत विचारू नका. विणीच्या जागेचा पत्ता पसरला की पुढच्या रविवारी तिथे दहा लेन्स उभ्या असतात. कासच्या पठारावर तेरडा आणि सीतेच्या आसवांच्या गालिच्यात झोपून काढलेल्या फोटोलाही हेच लागू आहे. अशा फोटोचं कौतुक करण्याआधी छायाचित्रकाराची कोपरं कशावर टेकली होती, त्याचा विचार करावा.

मोठ्या स्पर्धाही यात फसलेल्या आहेत. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेतलं 2009 चं सर्वोच्च बक्षीस, फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालेलं, 2010 मध्ये परत घेतलं गेलं, कारण तो लांडगा माणसाळवलेला असावा असं परीक्षकांच्या लक्षात आलं. परीक्षक हुकतात तिथे आपणही हुकणार. म्हणून आरोप करू नये, विचारावं.

गटातल्या मानपानाचंही बघावं लागतं. निवृत्तीनंतर सहाशेची प्राइम लेन्स घेतलेल्या ‘सरां’च्या फोटोवर कुणी बोलत नाही आणि मोबाइलवर फोटो काढणाऱ्या कॉलेजच्या पोरावर सगळे बोलतात. सरांना एकच मुद्दा सांगावा, पण सांगावा. त्यांना ‘अप्रतिम’ ऐकून कंटाळा आलेला असतो. “सर, माझी नजर डाव्या कोपऱ्यातल्या उजळ पानावर जातेय, तुम्ही ते मुद्दाम ठेवलंय का?” यात मानही राहतो आणि मुद्दाही पोचतो. पोराला ‘आता चांगला कॅमेरा घे’ असं सांगू नये. मोबाइल फुलाच्या अगदी जवळ नेऊन मागचं डोंगर-आभाळही फ्रेममध्ये घेता येतं, आणि ते सहाशेच्या लेन्सला जमत नाही, हे त्याला सांगावं. मुद्दे कुणालाच एका वेळी दोनांपेक्षा जास्त देऊ नयेत. सहा दोष ऐकलेला माणूस एकही सुधारत नाही, तो पुढच्या महिन्यात येतच नाही.

पक्षीनिरीक्षकांचा ‘रेकॉर्ड शॉट’ या सगळ्याला अपवाद. दूरच्या वडावर बसलेला शिकरा की बेसरा, हे ठरवण्यासाठी काढलेला फोटो धुरकट असला तरी त्याचं काम झालेलं असतं. त्यावर उजेडाचं आणि पार्श्वभूमीचं बोलणारा माणूस चुकीच्या बैठकीत आला आहे. तिथे गळ्यावरच्या रेषेबद्दल बोला.

आणि तुमचा फोटो पडद्यावर असेल तेव्हा? समजा राजगडावरची पहाट आहे. बालेकिल्ला काळासावळा, वर डाव्या कोपऱ्यात उजाडलेल्या आकाशाचा लख्ख तुकडा. एक जण म्हणतो, डावीकडून क्रॉप कर. दुसरा म्हणतो, सगळा फोटो गडद कर. तिसरा म्हणतो, कृष्णधवल करून बघ. तिघांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून ते निकालात काढू नका. तिघांची नजर त्याच कोपऱ्यात अडलेली आहे. जागा त्यांनी बरोबर दाखवली आहे, ती मान्य करा. उपाय मात्र तुमचा तुम्ही शोधा, कारण तिथे उभे तुम्ही होता. कॅमेरा जरा उजवीकडे वळवला असता तर तो तुकडा फ्रेमबाहेर गेला असता. किंवा अर्धा तास आधी, उजेड फुटायच्या आत, बालेकिल्ला आणि आभाळ यांच्यात इतका फरकच नव्हता. त्या वेळचे फोटोही कार्डवर असतील, ते उघडून बघा.